उतारावरची व्हॅन

दार उघडलं की आधी वास येतो. वाळलेल्या गाळाचा, शेवाळाचा, आतून कुजलेल्या सीटच्या फोमचा, आणि या सगळ्यांच्या तळाशी, लक्ष देऊन हुंगलं तरच जाणवणारा, उदबत्तीचा. आमच्या प्रशिक्षण संस्थेच्या कार्यशाळेत, अगदी शेवटच्या खणात, जिथे छताचा एक पत्रा सरकला आहे आणि दुपारी उन्हाची अरुंद पट्टी तिरपी आत उतरते, तिथे ती पांढरी व्हॅन उभी आहे. तलावातून ती बाहेर काढली त्याला बराच काळ लोटला, या पत्र्याखाली तिने उन्हाळेही तापून काढले, तरी तिच्यातला तलाव काही आटलेला नाही. ढगाळ, कोंदट हवेत तर वाटतं, दार उघडताच पाणी पायावर येईल.

मी इथे मुलांना मोटार दुरुस्ती शिकवते. बाईच्या हातात पाना पाहून नव्या मुलांचे पालक अजूनही जरा चपापतात. मी त्यांना खुशाल चपापू देते. माझा स्वभाव मुळात तिखट, आणि कार्यशाळेत तो आणखी तिखट होतो, कारण इथे निष्काळजीपणाची शिक्षा बोटांना मिळते. सुरुवातीला मी कुणाच्याही हाती पाना देत नाही. आधी ऐका, मग हुंगा, मग हात लावा आणि पाना सगळ्यात शेवटी, हे माझं पालुपद मुलांना पाठ असतं आणि माझ्यामागे ती ते माझ्याच आवाजात म्हणून दाखवतात, हेही मला ठाऊक आहे. क्लच जळत असेल तर जळक्या कागदासारखा वास येतो, रेडिएटरमधलं कूलंट गळायला लागलं की गाडीत गोडसर वास रेंगाळतो, बॅटरी गरजेपेक्षा जास्त चार्ज झाली की सडक्या अंड्याचा. तुमसरला राइस मिलच्या भिंतीला लागून आमचं घर होतं. उकडलेल्या धानाच्या वाफेवरून आज बॉयलर नीट पेटलाय की नाही, हे आम्हा पोरींना अंथरुणातच कळायचं. यंत्राचं दुखणं नाकाने ओळखायची सवय तिथलीच असावी.

पण या व्हॅनच्या वासातून मला काहीच ओळखता येत नव्हतं. उलट, तिच्याजवळ उभं राहिलं की आपणच कुणाला तरी ओळखू येतोय, असं काहीसं वाटायचं, आणि मग मी उगीचच मुलांवर डाफरायचे.

आमच्या भागातल्या चालकांची एक रीत आहे. जंगल मागे पडून रस्ता उताराला लागला की ते इंजिन बंद करतात आणि गाडी सोडून देतात. कारण विचाराल तर तेल वाचतं म्हणतील. मला मात्र वाटतं, खरी ओढ त्या शांततेची असावी. इतका वेळ कानात घुमणारी घरघर अचानक गळून पडते आणि तिच्याखाली दबलेलं सगळं वर येतं; डांबरावरून सरकणाऱ्या टायरांची सळसळ, खिडकीच्या फटीतला वारा, मोहाच्या झाडाखाली पडलेल्या फुलांचा दाट, किंचित आंबूस गोडवा, आणि खाली तलावावरच्या बदकांची दुरून ऐकू येणारी कुजबुज. गाडीत बसलेली माणसंही बोलता बोलता थांबतात. तेवढा वेळ गाडी नेमकी कुणाच्या ताब्यात असते, हे सांगणं कठीण आहे. उतार संपला की चालक पुन्हा इंजिन सुरू करतो, घरघर परत येते आणि अर्धवट राहिलेलं वाक्य कुणीतरी पूर्ण करतं.

ही व्हॅन मनोहरभाऊंची; रोज सकाळी आत उदबत्ती लावून मगच ते ती बाहेर काढत. सानगडीच्या बाजूच्या एका गावातून ते शाळेची मुलं आणि बाजाराला जाणारी माणसं साकोलीला नेत आणि आणत. वर्षानुवर्षं वापरून त्यांची चावी इतकी झिजली होती, की उतारावर इंजिन बंद केल्यावर एखाद्या खड्ड्याच्या धक्क्याने ती आपोआप निसटून त्यांच्या मांडीवर पडायची. मग ते ती बोटांत धरून मागे बसलेल्या मुलांना दाखवायचे, "पाहा रे, चावी माह्या हातात अन् गाडी चालून राहिली." मुलांना ते जादूगार वाटत. आता मोठी झालेली त्यांतली काही मुलं माझ्या वर्गात आहेत, आणि अजूनही ती जादू सांगताना त्यांचा आवाज बारीक होतो.

उताराच्या पायथ्याशी रस्ता उजवीकडे वळून गावात जातो आणि डाव्या हाताला तलावाची पाळ सुरू होते. हिवाळ्यात, दिवाळीनंतरच्या मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे, दिवस सरल्यावर, एका भर दुपारी एकट्या मनोहरभाऊंना घेऊन व्हॅन तो उतार उतरली आणि वळणावर वळलीच नाही. सरळ गेली. रस्त्यावर ब्रेक लावल्याच्या खुणा नव्हत्या. गाडी वर काढली तेव्हा चावी तिच्या जागी नव्हती, ती मनोहरभाऊंच्या उजव्या मुठीत होती. एवढ्यावर गावाने आपापले अर्थ लावले. काहींनी म्हटलं, माणसाने गाडी बंद केली, चावी काढून मुठीत धरली आणि जायचं तिथे गेला. ब्रेकसुद्धा लावला नाही, आणखी काय पुरावा पाहिजे. काहींनी तलावाकडे बोट दाखवलं आणि आवाज खाली आणून म्हटलं, तो माणूस ओढून घेतो. दोन्ही प्रकारची माणसं मला सारखीच खटकतात, कारण दोघांनीही गाडी उघडून पाहिली नव्हती.

मनोहरभाऊंच्या बायकोने व्हॅन भंगारात द्यायला नकार दिला, म्हणून तिच्या भावाने ती आमच्या संस्थेला दिली. मुलांना शिकायला तरी होईल, म्हणाला. आणि गेल्या वर्षी मनोहरभाऊंची मुलगी सुजाता हिने आमच्याकडेच प्रवेश घेतला. मुलगी हुशार, मोजकं बोलणारी, हात अतिशय स्वच्छ. नट कितीही गंजलेला असो, ती त्याला दांडगाई करत नाही, तेल सोडून वाट पाहते. सगळ्या गाड्यांखाली शिरली, पण शेवटच्या खणाकडे फिरकली नाही. मीही तिला तिकडे पाठवलं नाही.

मग तो आवाज सुरू झाला. खरं म्हणजे सुरू कधी झाला कोण जाणे, आमच्या लक्षात आला तो फाल्गुनात. दुपारी उन्हाची पट्टी सरकत सरकत व्हॅनच्या पुढच्या काचेवर चढली की आतून एकदाच, खट्. बंद घरात कुणी आतून कडी लावावी तसा. मग काही नाही. दुसऱ्या दुपारी पुन्हा. राकेश नावाचा माझा एक विद्यार्थी आहे, इंजिन खोलण्यात वाघ आणि बाकी सगळ्यात ससा, तो म्हणाला, "मॅडम, मनोहरभाऊ गाडीतच हायेत जी." आणि दुसऱ्या दिवशी व्हॅनच्या आरशाला लिंबू-मिरची लटकलेली दिसली. मी ती ओढून काढली, लिंबू त्याच्या हातावर ठेवलं आणि सरबत कर म्हटलं. फळ्यावर आकृती काढून समजावलं, की धातू तापला की पसरतो, कुठेतरी अडकलेला भाग सुटतो आणि आवाज होतो. यात भुताचा काही संबंध नाही. मुलांनी माना डोलावल्या. त्यानंतर आभाळ भरून आलेल्या एका दुपारी, ऊन मुळीच नसताना, तो आवाज आला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी फळा पुसत राहिले. 

त्या दिवसांत एकदा जेवणाच्या सुट्टीत मी कार्यशाळेत परतले, तर सुजाता व्हॅनमध्ये बसलेली होती. चालकाच्या जागेवर नाही, शेजारी. हातात लांब स्क्रू ड्रायव्हर होता, त्याचं टोक तिने स्टिअरिंगच्या दांड्यावरच्या आवरणाला टेकवलं होतं आणि मूठ कानामागच्या हाडावर. इंजिनाच्या पोटातला आवाज नेमका कुठून येतो हे शोधायची ही आमची साधीच युक्ती, मीच शिकवलेली. तिने माझ्याकडे पाहिलं, पण हलली नाही. मीही बाहेर उभी राहिले. उन्हाची पट्टी बंपरवर होती, मग बॉनेटवर आली, त्यातले धुळीचे कण इतके संथ फिरत होते की पाण्याखाली असल्यासारखं वाटत होतं. काचेला ऊन लागलं. खट्.

सुजाता दचकली नाही. "स्टिअरिंगमंधी हाये, मॅडम," ती म्हणाली. आणि मग, स्क्रू ड्रायव्हर तसाच कानाशी धरून, माझ्याकडे न पाहता, तिने जे सांगितलं ते ऐकून मला शेजारचं स्टूल ओढून बसावं लागलं. त्या सकाळी घरात भांडण झालं होतं. कारण क्षुल्लक, रोजच्यातलं. मनोहरभाऊ निघाले तेव्हा तिची आई दारातून त्यांना म्हणाली होती, "कायले येता घरी, राहा तिकडंच." ते तिचं त्यांच्याशी शेवटचं बोलणं. तेव्हापासून आई जवळजवळ बोलतच नाही. संध्याकाळी बुद्धवंदनेला बसते, ओठ हलतात, आवाज निघत नाही. गाव म्हणतं बाबा स्वतःहून गेले, आणि आईने ते मनोमन मानलं आहे. त्यांनी आपलं ऐकलं, एवढंच तिला वाटतं. "मले एवढंच पायजे, मॅडम," सुजाता म्हणाली. "बाबा सोतःहून गेले, का नाही. त्यासाठीच मी इथं आली."

मला भीती वाटली, ती भुताची नव्हे. माणसं समजूत घालतात, लोखंड घालत नाही. आत जे असेल ते असेल, आणि ते पाहिल्यावर या मुलीला पुन्हा न पाहिल्यासारखं करता येणार नव्हतं. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "उघडू, मॅडम."

आम्ही दोघींनी ते उघडलं. स्टिअरिंगच्या दांड्याला एक कुलूप असतं. चावी मागे फिरवून काढली की आतली एक छोटी पोलादी खिट्टी स्प्रिंगच्या जोरावर बाहेर येते, आणि दांडा थोडा फिरून त्याची खाच खिट्टीसमोर आली की ती त्यात पडते. मग स्टिअरिंग फिरत नाही. चोरासाठी केलेली सोय. म्हणूनच या कुलपाच्या बोल्टना डोकं ठेवलेलं नसतं, बसवतानाच ते तोडून टाकतात. छिन्नीच्या हलक्या घावांनी, केसभर केसभर फिरवत ते काढावे लागतात. आवरण निघालं तेव्हा आतून बारीक गाळाची भुकटी सांडली. चावीच्या भोकात एक पांढरी गोगलगाय होती, म्हणजे तिचं रिकामं घर, तांदळाच्या दाण्याएवढं. सुजाताने ते चिमटीत धरून बाजूला ठेवलं. खिट्टी खाचेत पडलेली होती आणि एका अंगाला वाकलेली होती. ती निघाल्यावर मी दांड्यावर टॉर्च धरली.

खाचेला दोन कडा असतात. डावीकडची कड कोरी होती, कारखान्यातून आली तशी धारदार. उजवीकडे स्टिअरिंग ओढलं तर जी कड खिट्टीवर आपटते, ती मात्र चेपली होती. पोलाद दबून फुगलं होतं, आणि तिथे एक नव्हे, एकावर एक असे घाव होते. मी स्वतःशीच वाद घातला. पाळीवर चाक आदळूनही असा घाव बसू शकतो. पण मग तो एकदाच बसला असता, आणि इतका नेमका एकाच कडेला असा पुन्हापुन्हा नाही. स्टिअरिंगचं चाकही एका बाजूने ओढल्यासारखं वाकलं होतं. ते आम्ही सगळ्यांनी पहिल्या दिवसापासून पाहिलं होतं आणि अपघातात वाकलं असं गृहीत धरून मोकळे झालो होतो. अपघातात नाही. अपघाताच्या आधी, अंगातला सगळा जोर लावून कुणीतरी ते उजवीकडे ओढत होतं.

मग बाकीचं सगळं सुजातानेच, हळूहळू, एखादा धडा म्हणून दाखवावा तसं सांगितलं. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारा जोर जातो. साठलेल्या जोरावर एकदोनदा पाय दाबता येतो, उतारावर ते आधीच दाबून झालेलं असणार, मग पेडल दगडासारखं होतं आणि टायर काही रस्त्यावर खूण उमटवत नाही. चावी नेहमीसारखी मांडीवर पडली. वळणावर स्टिअरिंग फिरवलं, आणि इतकी वर्षं मळाने अडकून राहिलेली खिट्टी त्या दिवशी पडली. स्टिअरिंगवर ताण असताना चावी पुन्हा आत घालून फिरवू म्हटलं तरी फिरत नाही, आधी स्टिअरिंग सैल सोडावं लागतं. पण समोर तलाव असताना स्टिअरिंग कोण सैल सोडेल? "चावी काढून नव्हती धरली त्यायनं," ती म्हणाली. "लावून राहिले होते."  मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तो ग्रीसने माखलेला होता, तिच्या निळ्या अंगरख्यावर त्याचा ठसा उमटला आणि अजून आहे.

ती खिट्टी त्याच दुपारी का पडली, हे तिने मला विचारलं. मी माहीत नाही म्हटलं. अजूनही माहीत नाही.

दोन-तीन दिवसांनी तिने आईला आणलं. मुलांना मी बाहेर पाठवलं होतं. बारीक चणीची बाई, निळ्या काठाची साडी, पदर दोन्ही हातांत घट्ट धरलेला. व्हॅनचं दार उघडलं तशी ती जागच्या जागी थांबली. तिला गाळाचा वास आला नसावा, उदबत्तीचाच आला असावा, कारण तिने डोळे मिटून श्वास घेतला. सुजाताने काही समजावलं नाही. आईचं बोट धरून तिने ते खाचेच्या कोऱ्या कडेवरून फिरवलं, मग चेपलेल्या कडेवरून. "हे पाय आई. बाबा इकडं ओढून राहिले होते. उजवीकडं."

बाई बराच वेळ त्या कडेवर बोट फिरवत राहिली. छपरावर कुठेतरी कबुतरं चालत होती. उजवीकडे काय आहे हे तिला सांगायची गरज नव्हती. तो रस्ता तिने जन्मभर तुडवला होता. उजवीकडे तिचं गाव, तिचं दार.

"जेवाले येत होते मंग," ती म्हणाली.

एवढंच. फार दिवस न वापरलेला, घोगरा आवाज होता. मग ती चालकाच्या जागेवर चढून बसली, वाकलेल्या स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि ते उजवीकडे फिरवलं. अडवणारी खिट्टी आता माझ्या टेबलावर होती. हवा गेलेले टायर फरशीवर कण्हले आणि पुढची चाकं सावकाश, पूर्ण वळली. मग ती रडली, मोठ्याने, कुणाचीही पर्वा न करता, आणि सुजाता खिडकीतून हात घालून तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. मी बाहेर जाऊन मुलांना विनाकारण मैदानाला फेरी मारायला लावली.

नंतर एकदा कामासाठी मी त्या उतारावरून गेले. इंजिन चालू ठेवलं होतं, अर्थातच. तरीही खाली तलाव दिसू लागला तसा माझा हात चावीकडे वळलेला मला दिसला, जणू त्या शांततेने त्याला हाक मारली होती. मी हात मागे घेतला. वळणावर गाडी वळली. पाण्यावर शिंगाड्याची पानं पसरली होती आणि त्यांच्यामधली मोकळी जागा फार काळी होती.

खिट्टी निघाली म्हणजे आवाज संपायला हवा, आणि तो संपला आहे. तरी दुपारी ऊन काचेवर चढतं तेव्हा आम्ही सगळे, न ठरवता, हातातलं काम थांबवतो. कार्यशाळेचा एक नियम आहे, उभ्या गाडीची चाकं नेहमी सरळ ठेवायची. तो मी इतक्यांदा बजावला आहे की मुलं झोपेतही पाळतील. व्हॅनची चाकं मी तशीच राहू दिली होती. गेल्या आठवड्यात झाडझूड करताना राकेशने ती सवयीने सरळ केली, माझ्या डोळ्यांदेखत. संध्याकाळी कुलूप मी लावलं, सकाळी मीच काढलं, किल्ली माझ्याच पर्समध्ये असते. आत कोणीच नव्हतं, सुजाता अजून यायची होती. चाकं उजवीकडे होती.

कारण सापडल्याशिवाय गाडीपासून उठायचं नाही, हे मीच शिकवते. त्या सकाळी मी व्हॅनजवळ थोडा वेळ उभी राहिले, दार लोटून घेतलं, आणि मुलं आल्यावर त्यांना एवढंच सांगितलं, की या एका गाडीची चाकं कोणी सरळ करायची नाहीत.